पाणी वाचवण्याआधी पाणी मोजूया



'पाणी वाचवा' हा निबंध आपण सगळ्यांनीच मुलांकडून लिहून घेतलेला आहे. मीही दरवर्षी घेते. मुलं काय लिहितात ते आपल्याला पाठ झालेलं असतं. पाणी म्हणजे जीवन, थेंब थेंब मोलाचा, आणि शेवटी 'चला तर मग, पाणी वाचवण्याची शपथ घेऊया.'

दोन वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एका मुलीनं जेमतेम अर्ध्या पानाचा निबंध दिला. त्यात एकही घोषवाक्य नव्हतं. टँकरच्या दिवशी घरात किती घागरी येतात, त्यातल्या प्यायला किती, स्वयंपाकाला किती, आजीच्या आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून त्यात कपडे कसे भिजवतात, आणि टँकर सकाळी उशिरा आला तर शाळेचा पहिला तास कसा बुडतो, एवढंच लिहिलं होतं. मी तिला दहापैकी चार गुण दिले. शेरा मारला, 'मुद्दे अपुरे.' ज्यानं शपथ घेऊन निबंध संपवला होता त्याला आठ. आणि गंमत बघा, त्या आठवाल्याच्या घरची गच्चीवरची टाकी नळाला पाणी आलं की हमखास भरून वाहते. तो ओघळ मी येता-जाता ओलांडत होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तो पडला वह्या परत दिल्यावर. ती मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "बाई, कोणता मुद्दा राहिला?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्याच निबंधात आकडे होते, बाकी एकाच्याही नव्हते.

तेव्हापासून मी हा पाठ उलटा घेते. आधी मोजमाप, मग निबंध. त्यातून घरातल्या आणि परसबागेतल्या पाण्याबद्दल जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. सहावी-सातवीच्या गणिताला आणि विज्ञानालाही ते जोडता येतं.

आधी थोडं आपल्या जिल्ह्याचं

आम्ही लातूर जिल्ह्यातले. आमच्याकडे जुनी माणसं 'बहात्तरच्या दुष्काळा'च्या गोष्टी सांगतात, पण आताच्या पालकांच्या डोळ्यासमोर असतं ते २०१६. मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिल २०१६ मध्ये पहिली गाडी आली, १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. आकडा ऐकून मुलं 'बाप रे' म्हणतात. मग मी त्यांना भागाकार करायला लावते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे माणशी किती? साधारण सव्वा लिटर. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी यायला लागली, तीही माणशी साडेसहा लिटरच्या आसपास. अर्धी घागरसुद्धा नाही. वर्गात या गणितानंतर जी शांतता पसरते ती कुठल्याही घोषवाक्यानं पसरत नाही.

एक गोष्ट मात्र मुलांना खरी सांगावी. घरात पाणी वाचवून धरण भरत नाही. पाण्याचा सगळ्यात मोठा वाटा शेतीला जातो, आणि दुष्काळी भागात कोणतं पीक घ्यायचं हा प्रश्न आपल्या बादलीपेक्षा फार मोठा आहे. मग घरात कशाला वाचवायचं? कारण घरात येणारं पाणी शुद्ध केलेलं, विजेनं उपसलेलं, लांबून आणलेलं असतं. आणि टँकर आठ दिवसांनी येणार असेल तर सातव्या दिवशी हंड्यात काय उरलंय, हे आपल्याच घरात ठरतं.

मोजायचं कसं?

साहित्य काही लागत नाही. घरातली एक बादली, एक लिटरची बाटली आणि घड्याळ. बाटलीनं बादली भरायची, किती बाटल्या मावल्या ते मोजायचं. आमच्या वर्गात बादल्या १५ पासून २० लिटरपर्यंतच्या निघाल्या. 'एक बादली पाणी' म्हणजे सगळीकडे सारखं नसतं, हा पहिला धडा तिथेच झाला. मग घागर, कळशी आणि तांब्या मोजायचा. एकदा मापं कळली की दिवसभर कोणत्या कामाला किती बादल्या, किती तांबे लागले ते वहीत रेघा मारून लिहायचं. आपण क्रिकेटमध्ये धावा मांडतो तसं. दिवसाची बेरीज आणि भागिले घरातली माणसं.

नळासाठी वेगळी युक्ती. नळ नेहमीसारखा सोडून एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते बघायचं. १० सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ लिटर. तीन मिनिटं नळ सुरू ठेवून दात घासले तर १८ लिटर, म्हणजे एक बादली. तांब्यात पाणी घेऊन तेच काम एका लिटरमध्ये होतं. शॉवरखाली अशीच बादली धरून बघा. मी आकडा सांगत नाही, कारण प्रत्येक घरचा दाब वेगळा, आणि स्वतः काढलेला आकडाच मुलांच्या लक्षात राहतो.

ताडून बघायला दोन मापं पुरेत. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात साधारण १३५ लिटर धरतात. आमच्या वर्गात एका घरी माणशी २८ लिटर निघाले आणि एका घरी १९०. दोन्ही घरं एकाच गावातली.

इथे शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. हे आकडे नावासकट फळ्यावर लिहू नका. पहिल्या वर्षी मी ती चूक केली. कमी पाणीवाली मुलं खाली मान घालून बसली, जणू गुन्हा त्यांचाच आहे. आता चिठ्ठ्यांवर आकडे घेते आणि नावाशिवाय मांडते. ज्या घरात २८ लिटर आहेत त्या घराला 'पाणी वाचवा' सांगणं हा निव्वळ अन्याय आहे. त्या घराकडून शिकायचं असतं.

घरात पाणी नेमकं जातं कुठे?

मोजमाप झालं की बहुतेक घरांत गळती चार-पाच ठिकाणी सापडते.

पहिली म्हणजे गळका नळ. आमच्या शाळेतलाच एक नळ थेंब थेंब गळत होता. मुलांनी खाली मापाचा पेला ठेवला. १० मिनिटांत ७५ मिलिलिटर. तासाला ४५०, दिवसाला १० लिटर ८०० मिलिलिटर. वर्षाचा हिशोब मुलांनीच केला, ३,९४२ लिटर. पण वर्षापेक्षा एका पोराचं वाक्य मला जास्त भिडलं. तो म्हणाला, "बाई, तीन दिवसांत दोन घागरी झाल्या की." (१५ लिटरची घागर धरली तर बरोबर आहे.) नळाचं वायसर बदलायला फक्त पाना आणि पंधरा मिनिटं लागली. ते काम महिनोन् महिने का राहिलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरी, वाहणारी टाकी. खालच्या टाकीत नळाचं पाणी पडत असेल तर बॉलकॉक बसवता येतो. मोटारीनं वरची टाकी भरत असाल तर टाकी भरल्यावर वाजणारा भोंगा स्वस्तात मिळतो. तेही नको असेल तर मोटार सुरू केली की मोबाईलवर गजर लावा. टाकी किती मिनिटांत भरते ते एकदा मोजलेलं असलं की झालं.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण ती सवयीची आहे. 'शिळं पाणी'. नळाला ताजं पाणी आलं की कालचं भरलेलं पाणी अंगणात ओतून द्यायचं. आमच्या आईनं जन्मभर हे केलं. पाणी भाजीसारखं शिळं होत नाही. स्वच्छ घासलेल्या, झाकलेल्या भांड्यात ते काही दिवस चांगलं राहतं. पाणी बिघडतं ते आपण त्यात बोटं बुडवतो म्हणून. लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं, झाकण लावलं, की रोज ओतून द्यायचं कारण उरत नाही.

पण म्हणून पाणी तसंच आठवडेच्या आठवडे साठवूनही चालत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, भांडं घासावं लागतं. आमच्याकडे आम्ही एकदम सगळं रिकामं करत नाही. आज रांजण, उद्या टीप, परवा हौद, असं करतो. आणि ते पाणी अंगणात न ओतता झाडांना घालतो किंवा फरशी पुसायला घेतो.

चौथं, पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र. एका बाजूला प्यायचं पाणी येतं आणि मागच्या बारीक नळीतून टाकाऊ पाणी मोरीत जातं. ती नळी बादलीत सोडून बघा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर, काही यंत्रांत त्याहूनही जास्त पाणी बाहेर पडतं. ते घाण नसतं, क्षार जास्त असलेलं असतं. फरशी, संडास, कपडे भिजवणं याला ते उत्तम चालतं. झाडांना मात्र रोज घालू नका. विशेषतः आपल्या बोअरचं पाणी आधीच जड असेल तर कुंडीत वर पांढरा थर जमतो आणि पानांच्या कडा करपतात. घालायचंच तर साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधून. आणि मुळात आरओ लागतो का, हेही तपासून घ्यावं. भारतीय मानकानुसार प्यायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. तुमचं पाणी त्याच्या खाली असेल आणि तपासणीत फ्लोराइड-नायट्रेटसारखं काही निघालं नसेल, तर क्षार काढायची गरज नाही. फक्त जंतूंची काळजी घ्यायची, त्याला उकळणंही पुरतं.

संडासाच्या जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडतात. त्यात भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली उभी ठेवली की दर वेळी एक लिटर वाचतं. आत फिरणाऱ्या भागांना तिचा धक्का लागू देऊ नका, एवढंच. भांड्यांचं म्हणाल तर खरकटं आधी पुसून काढायचं, पाच मिनिटं भिजवायचं आणि दोन टबांत विसळायचं. वाहत्या नळाखाली भांडी घासण्याची पद्धत आपल्या घरात सिंकबरोबर आली. आजीच्या काळात राख, नारळाची शेंडी आणि एका घमेल्यात सगळी भांडी निघत होती.

न्हाणीमागचा अळू

आता बागेकडे येऊ. हा माझा आवडता भाग, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू, कर्दळ आणि केळ असायचीच. कुणी त्याला शास्त्र म्हटलं नाही, पण ते शास्त्रच होतं. या तिन्ही झाडांना पाय ओले आवडतात, तिन्ही पाणी भराभर पितात, आणि आंघोळीच्या पाण्यातला थोडासा साबण त्यांना सोसतो. पाणी डबक्यात साठत नाही, त्यामुळे डासही कमी. आपण न्हाणीचं बाथरूम केलं, पाणी गटारीत सोडलं, आणि मग कुंड्यांना नळाची नळी लावली!

कपड्यांच्या पाण्यात मात्र फरक करायला हवा. पहिलं फेसाळ पाणी झाडांना नको. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे सोडियम. आपल्या काळ्या मातीत सोडियम साठलं की मातीचे कण सुटे होतात, वर कडक पापुद्रा धरतो आणि पुढे चांगलं पाणी घातलं तरी आत मुरत नाही. म्हणून ते संडासात ओतावं. दुसऱ्या-तिसऱ्या विसळणीचं पाणी अळू-केळीला द्यायला हरकत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी तर तुळशीलाही चालतं.

झाडाला पाणी कधी घालायचं? दुपारी नक्कीच नाही, बरंचसं वाफ होऊन जातं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आणि रोज घालायचं का? बोट मातीत दोन पेरं खाली घाला. खाली ओल लागली तर आज पाणी नको. वरची माती कोरडी दिसते म्हणून आपण पाणी घालतो आणि कुंड्यांतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानंच मरतात. माझा एक मोगरा मी असाच मारला आहे.

त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे माती झाकणं. वाळलेला पाला, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, काहीही दोन-तीन बोटं जाड पसरा. ऊन-वारा थेट मातीला लागत नाही आणि ओल टिकते. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांमधून खोलवरची ओल उडून जाते. शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतात ते केवळ तणासाठी नव्हे. परसबागेत हेच काम खुरप्यानं होतं. आपण झाडून पालापाचोळा पेटवतो आणि मग उघड्या मातीला दुप्पट पाणी घालतो, हे मला तरी आता बघवत नाही.

आणि मडकं. बिनरंगी, झिलई नसलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. सभोवती वीतभर अंतरावर वेलाच्या किंवा भाजीच्या बिया लावायच्या. मडक्याला असंख्य बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की ओढणं मंदावतं. म्हणजे झाडाला हवं तेवढंच पाणी, तेही मुळाशी. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथात या पद्धतीचं वर्णन आहे. मुलांना ही कृती फार आवडते, कारण त्यात चमत्कारासारखं काहीतरी असतं. झाकण मात्र विसरू नका, नाहीतर डासांची सोय होईल. क्षारानं छिद्रं बुजली की मडकं पाझरेनासं होतं, तेव्हा ते बदलायचं.

आमच्या शाळेत पोषण आहारानंतर मुलं हात आणि ताटं धुतात. ते पाणी पूर्वी फाटकाजवळ चिखल करायचं. आता एका चराने ते परसबागेत जातं. वाटेत अन्नाचे कण अडवायला बारीक जाळी आहे, ती रोज साफ करायची पाळी लावलेली आहे. तिथे चार केळी, अळू आणि कडेला शेवगा आहे. अळूच्या वड्या झाल्या त्या दिवशी ताटं दोनदा भरावी लागली.

छतावरचं पाणी

हे गणित सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात कमी घरांत केलं जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. ५०० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटरची एक चांगली सर पडली तर १,१५० लिटर. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला असं धरलं तरी ९०० लिटरच्या वर हाती लागतात. एका सरीत ६० घागरी!

पत्र्याच्या घराला पन्हाळ लावून टिपात पाणी धरणं हे कुणालाही जमण्यासारखं आहे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. नंतरचं पाणी कापडानं गाळून धुण्याभांड्यांना वापरायचं. प्यायचं असेल तर नीट गाळून, उकळूनच. बोअरमध्ये सोडायचं असेल तर मध्ये वाळू-खडीची गाळणी हवीच. छताचा पाइप थेट बोअरमध्ये सोडलेली घरं मी बघितली आहेत. तसं करून आपण छतावरची घाण भूजलात मिसळतो.

गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या पालकांनी मिळून तीन पत्र्याच्या घरांना पन्हाळी बसवल्या. त्यातलं एक घर त्या चार गुणवाल्या मुलीचं. ती आता आठवीत आहे. पावसाच्या दिवसांत तिचा पहिला तास बुडत नाही. फेब्रुवारीनंतर मात्र टीप कोरडं असतं आणि टँकर असतोच.

निबंध मी अजूनही घेते, पण अट एकच आहे. निबंधात घरी मोजलेला निदान एक आकडा हवा. घोषवाक्याला गुण नाहीत. आणि एक अडचण उरली आहे, त्यावर तुमच्यापैकी कुणी काही केलं असेल तर मला जरूर कळवा. परसबागेत आम्ही ११ मडकी पुरली आहेत, ती दर तीन-चार दिवसांनी भरावी लागतात. मे महिन्याच्या सुटीत ती कोण भरणार? गेल्या वर्षी शाळेजवळच्या चार मुलांनी जबाबदारी घेतली होती. दोघं मामाच्या गावाला गेली, आणि उरलेल्या दोघांच्या घरी त्या महिन्यात टँकर बारा दिवसांनी आला. त्यांना 'मडकी भरा' असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?